तेक्कीत मागं वळत नाहीत

तनुजाच्या स्वयंपाकघरात ओटा आणि झोळी यांच्यामध्ये फरशीची एक चिंचोळी पट्टी तेवढी मोकळी होती. पुढं सरकलं की पोट ओट्याला लागायचं, मागं सरकलं की पाठ झोळीला. आणि झोळीला धक्का लागला की आतली तान्ही राही उठायची. नशीब एवढंच, की तनुजाला जी काता बसवायची होती ती आडवीच चालायची.

काता म्हणजे कराटेतल्या डावांची ठरलेली साखळी. समोर कुणी नसतं, पण आहे असं धरून करायची. या कातेचं नाव तेक्की. घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून उभं राहायचं आणि एकाच रेषेत आधी उजवीकडं, मग डावीकडं जायचं. मागं कुठंच वळायचं नाही.

ब्राऊन बेल्ट कमरेला असतानाच राही पोटात राहिली आणि सगळं तिथंच थांबलं. आता श्रीनिवास सर क्लास सोडून पुण्याला मुलाकडं राहायला निघाले होते. गारखेड्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये ते इतकी वर्षं मुलींना शिकवत होते. त्यांनी तनुजाला बोलावून घेतलं आणि सरळच सांगितलं, की तू ब्लॅक बेल्ट झालीस तर मुलींची बॅच तुझी, नाही तर बंद होईल. तनुजा त्याच हॉलमध्ये घाबरत घाबरत शिरली होती आणि मान वर करून बाहेर पडली होती. हॉलला कुलूप लागल्याची कल्पना तिला सोसवेना.

नवऱ्याची, सत्यमची, वाळूजला कारखान्यात शिफ्ट. घरात तिसरं माणूस नाही. मग गंगापूरहून सासूबाई आल्या, आवडाबाई. कापसाची ऐन वेचणी सोडून आल्या. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं. सत्यम फोनवर सहज बोलला आणि दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन दारात उभ्या. तनुजानं वेचणीचं विचारलं तर म्हणाल्या, कापूस कुठं पळून चाललाय.

आल्या दिवसापासून नातीची झोप हा घरातला कायदा झाला. दाराची बेल बंद. कुकरची शिट्टी काढून फडताळात, डाळ पातेल्यात शिजायला लागली. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली की आवडाबाई जिना चढून जायच्या आणि काय सांगायच्या कुणास ठाऊक, पण खुर्ची परत वाजायची नाही.

राही झोपली की तनुजा ओढणी कमरेला बांधून त्या पट्टीवर उभी राहायची. वरणाला उकळी येईपर्यंतचा वेळ तिचा. तेक्कीत एका जागी पाय आत उचलून पुन्हा होता तिथं टेकवायचा असतो, किनाऱ्याला लागून मागं फिरणाऱ्या लाटेसारखा. वरचं अंग हलता कामा नये. हे तिला आता फार छान जमायला लागलं होतं. अंग हललं तर झोळी हलणार, हे तिच्या हाडापर्यंत पोचलं होतं.

पहिल्यांदा आवडाबाईंनी हे सगळं पाहिलं ते शेंगा सोलताना. मग हळूच म्हणाल्या, "जांभया देत देत कसली गं मारामारी? समोरचा झोपून जायचा."

तनुजाला हसू आवरेना. कातेत दोन ठिकाणी पोटातून मोठा आवाज काढायचा असतो, त्याला किआई म्हणतात; पोरगी उठेल म्हणून मी नुसतं तोंड उघडते, असं तिनं समजावून सांगितलं.

"आन् मागून कुणी आलं तर? मागं तर बघंनाच झालीस."

हेच तिनंही एकदा सरांना विचारलं होतं. सर म्हणाले होते, काही जण पाठीला भिंत आहे असं धरतात, काही म्हणतात भातखाचराच्या बांधावर उभं राहून लढायची ही काता आहे. नक्की कुणालाच ठाऊक नाही, करता करता तुला काय दिसतं ते बघ. तनुजाला अजून काही दिसलं नव्हतं.

आवडाबाईंनी विचार केला. "भिंतच बरी," त्या म्हणाल्या. "बांधावर लई साप निघत्यात."

परीक्षा रविवारी सकाळी होती. सत्यमला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आवडाबाई राहीला घेऊन हॉलवर आल्या आणि मागच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. नाशिकहून आलेले परीक्षक समोर टेबलाशी. शेजारी श्रीनिवास सर, पण त्यांनी बोलायचं नव्हतं. तनुजाचं नाव पुकारलं तेव्हा तिनं जाता जाता मागं पाहिलं. राही आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती.

परीक्षकांनी काता सांगितली. तेक्की.

ती नीट झाली. नजर आधी, हात मागून. लाटेचा पाय उचलला तेव्हा खांदे जागचे हलले नाहीत. पहिल्या किआईची जागा आली, तिनं तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. शेवटचीही तशीच गेली. इतके महिने गिळलेला आवाज अंगानं आजही गिळून टाकला.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. काता स्वच्छ आहे, पण किआईशिवाय ती पुरी होत नाही, असं शांतपणे सांगितलं. "पुन्हा एकदा करा. मग मला निकाल लिहावा लागेल."

तनुजा पुन्हा जागेवर उभी राहिली. तिनं मनात आवाज जुळवून पाहिला. जुळेना. मागं पोरगी झोपली होती आणि हे तिच्या पाठीला कळत होतं. आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं. सरांनी नजर जमिनीकडं वळवली होती.

तेवढ्यात मागं राहीनं भोकाड पसरलं.

वरच्या मजल्यावरची खुर्ची गप्प करणाऱ्या त्या बाईनं झोपलेल्या नातीच्या तळपायावर टिचकी मारली होती. पोरीचं रडणं हॉलभर घुमलं. त्यावर आवडाबाईंचा आवाज आला, शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला देतात तसा.

"उठलीया ती! आता वरड!"

परीक्षकांनी मान वर केली. कुणीतरी शुक् केलं. राही टाहो फोडत होती. तनुजाला दूध दाटून आलं, छातीशी कापड ओलं झालं, सगळं अंग मागं ओढलं गेलं. पण पाऊल आधीच उचललं होतं, काता सुरू झाली होती. तेक्कीत मागं वळत नाहीत.

ती उजवीकडं गेली. मागं रडणं चालूच होतं, पण त्याच्याखाली दुसरा आवाज होता, थोपटण्याचा, आणि "हं, हं, हं, आई लढतीया बघ" असं पुटपुटणं. वळून बघायची गरज नव्हती. मागं कोण बसलंय हे तिला ठाऊक होतं. पाठीला पहिल्यांदाच आधार लागल्यासारखं झालं, आणि पहिल्या किआईची जागा आली तेव्हा पोटातून जे निघालं त्यानं खिडकीच्या काचा थरारल्या. राही दचकून गप्प झाली. शेवटच्या किआईला तर ती हसली, असं आवडाबाई पुढं सगळ्यांना सांगत फिरल्या. खरं खोटं त्यांनाच माहीत.

निकाल लागला. सरांनी हॉलची किल्ली तनुजाच्या हातात दिली आणि चष्मा पुसत बसले. तिनं परीक्षकांना कराटेतला वाकून नमस्कार केला, सरांना केला, मग मागच्या भिंतीकडं वळली. पाय जुळवले, हात मांड्यांशी सरळ धरले, आणि सासूसमोर कमरेतून वाकली. तिला खूप काही बोलायचं होतं, ते सगळं वाकण्यातच राहिलं.

आवडाबाईंनी वाट पाहिली. "पाया पडता पडता कमरंतच अडकलीस व्हय गं?" त्यांनी विचारलं.

मग तनुजा खाली बसली आणि खरंच पाया पडली. उठवेना तिला लवकर. आवडाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, पोरीला घे, भुकेजलीया.

दुपारी घरी राही झोळीत झोपली. आवडाबाईंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, उद्या सकाळची गंगापूरची एसटी. तनुजानं सवयीनं डाळीला पातेलं घेतलं, तर सासूनं ते काढून घेतलं, फडताळातून शिट्टी काढली आणि कुकरवर बसवली.

"उठंल ना ती, आत्याबाई."

"उठू दे," आवडाबाई गॅस मोठा करत म्हणाल्या. "तिची आय वरडणारी हाय. सवय लागू दे आत्तापासनं."