तासभर मागे राहणारा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांशेजारी असतो. माझा पंखा घरघरतो. तरुणपणी सगळ्या रक्तदात्यांची नावं मीच सांभाळायचो. "हा आहे म्हणून आपलं चाललंय," असं डॉक्टर म्हणायचे. मग नवा संगणक आला आणि गरज सरो, वैद्य मरो, तशी माझी गत झाली. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले.

एके दिवशी संगणक सांभाळणाऱ्या ताईंनी ते कप उचलले, धूळ पुसली. नवा बंद पडला तर काय, या काळजीने त्यांना डेटाबेसचं रेप्लिकेशन शिकायचं होतं. म्हणजे एका यंत्रातलं दुसऱ्यात आपोआप उमटवायचं. पण शिकवणार कोण? जाडजूड पुस्तक आणलं, ते डोक्यावरून गेलं. व्हिडिओतले गृहस्थ आगगाडीसारखे सुटत. शेवटी सॉफ्टवेअरसोबतची माहितीपुस्तिकाच त्या ओळीओळीने वाचू लागल्या आणि माझ्यावर करून पाहू लागल्या. मी कितीदा कोलमडलो! "चल रे बाबा, पुन्हा," एवढंच त्या म्हणायच्या.

एकदाचं जमलं. नव्यात नाव लिहिलं की माझ्यात लगेच उमटू लागलं. मग ताईंनी सरावाचं एक नाव नव्यातून पुसलं, तर माझ्यातूनही गेलं.

"अरे, म्हणजे माझ्या चुकाही उतरवून घेणार तू?"

पुन्हा शोधाशोध. इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने दुसऱ्याच कुणाला दिलेलं उत्तर सापडलं: दुसरं यंत्र मुद्दाम तासभर मागे ठेवा, म्हणजे पहिल्यातला बदल त्यात तासाभराने उतरेल. ताईंनी तसं केलं. डॉक्टर हसले, "हा तसाही मागेच असतो!"

एका दुपारी नव्यातल्या जुन्या नोंदींची साफसफाई करताना ताईंच्याच हातून दुर्मीळ रक्तगटाच्या सगळ्या दात्यांची नावं पुसली गेली. तेव्हाच एक वडील काउंटर धरून उभे होते. त्यांची मुलगी ऑपरेशनसाठी थांबली होती.

"ताई, मिळेल ना हो रक्त?"

ताईंनी नव्यात शोधलं, तर एकही नाव नव्हतं. त्या धावत माझ्याकडे आल्या, आधी माझं उतरवून घेणं थांबवलं. ती चूक अजून माझ्यापर्यंत पोचली नव्हती. सगळी नावं जागच्या जागी होती. फोन गेला, दाता आला, मुलगी वाचली.

उत्तर लिहिणाऱ्या त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मित्रांनो, तुम्हाला जे समजलं ते कुणासाठी तरी लिहून ठेवा. ताईंनीही आता ठेवलंय, साध्या भाषेत.

माझा पंखा फार दिवसांचा सोबती नाही. मला खुशाल काढा. फक्त त्याआधी माझ्या जागी दुसरं कुणीतरी तासभर मागे बसवा.