उशिरा आलेले डीन

या, असे जवळ सरकून बसा. देवाच्या दाराशी कुणालाच उशीर होत नाही. पण एका कायद्याच्या कॉलेजात होत असे. त्याचीच गोष्ट सांगतो.

डीनसाहेब वर्गाचं दार ठोठावत होते. निवृत्तीचा दिवस, जन्मातलं शेवटचं व्याख्यान, हातात निरोपाचा गुच्छ, आणि दाराला आतून कडी! घंटेनंतर कोणीही आत यायचं नाही, हा नियम त्यांचाच. आज त्यांनाच उशीर झाला होता, कारण उपडीन त्यांच्या वक्तशीरपणावर भाषण करायला उभे राहिले आणि बसायचं नावच घेईनात.

"कडी काढा! मी आहे."

"मी म्हणजे कोण, सर?"

आवाज त्यांनी ओळखला. गेलं वर्षभर याच मुलीला ते बाहेर उभं करत आले होते. 'उशिराबाई' हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

"अगं, डीन!"

"नियमात 'कोणीही' आहे, सर. 'डीन सोडून' असं कुठे आहे?"

वर्ग खदखदून हसला. साहेबांना खरं तर राग यायला हवा होता. पण वाद दिसला की अंगात येणारा माणूस तो! गुच्छ काखोटीला मारून त्यांनी कोट सारखा केला.

"प्राध्यापक आल्याशिवाय वर्ग सुरूच होत नाही. मग उशीर कसला?"

"वा, सर!" मागच्या बाकावरून दाद आली.

"मुद्दा बिनतोड आहे," मुलगी म्हणाली. "पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. माझी बाजू कधी ऐकलीत?"

साहेबांनी कान दाराला लावला.

"सांग. ऐकतोय."

"आईला दवाखान्यात पोचवून यायचे. तिथली रांग काही माझ्या हातात नव्हती."

"मग बोलली का नाहीस गं?"

"दार बंद असायचं, सर."

आता आत कोणी हसत नव्हतं. साहेबांनी दारावर तळवा टेकला.

"कशी आहे आई?"

आतून कडीवर हात पडल्याचा आवाज आला.

"आता पोचवायला कुणी उरलं नाही. मी वेळेवर येते, सर."

कडी सरकली. दार उघडलं. सगळा वर्ग उभा राहिला, मुलगी बाजूला झाली; पण साहेब उंबऱ्याबाहेरच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"आत येऊ का?" त्यांनी तिला विचारलं.

मंडळी, घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा डीनसाहेबांचा विसर पडला तरी चालेल. त्या आईची तेवढी आठवण ठेवा.