यादीतली छोटी खुर्ची

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. मी एक जुनी, बुटकी झुलती खुर्ची आहे. मोठे माणूस माझ्यात मावत नाही. हवानातल्या एका सुताराने मला महोगनीच्या लाकडातून घडवले आणि माझी बैठक वेताने विणली. हर्मिनियाबाईंनी आपल्या मुलासाठी, रोलांदोसाठी, मला हौसेने घरी आणले. माझ्यात डुलत डुलत तो मोठा झाला. पुढे देशात क्रांती झाली, रोलांदो समुद्रापलीकडे मायामीला निघून गेला आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात धूळ खात पडले.

मग शेजारच्या बंगल्यात इटलीच्या वकिलातीतले एक साहेब राहायला आले. त्यांची आठ वर्षांची ओर्नेला कुंपणाच्या फटीतून आली ती थेट माझ्यातच बसली. मला फार बरे वाटले. त्या पोरीला कशाची ददात नव्हती. गाडी होती, ड्रायव्हर होता, पोहायला तलाव होता. आमच्या गल्लीत अंड्यांसाठीसुद्धा शिधापुस्तक घेऊन रांग लावावी लागे, आणि तिच्या घरी परदेशी लोकांच्या वेगळ्या दुकानातून लोणी येई. हर्मिनियाबाईंसाठी ती ते फ्रॉकच्या खिशात लपवून आणी. अर्धे खिशातच वितळे. आईबाप सदा मेजवान्यांत, त्यामुळे हर्मिनियाबाईच तिची आजी झाल्या होत्या.

त्या वर्षी सरकारने कोपऱ्यावरची दुकाने ताब्यात घेतली, आइस्क्रीमवाला यायचा बंद झाला आणि हर्मिनियाबाईंना मुलाकडे जायची परवानगी मिळाली. देश सोडणाऱ्यांना लोक ‘किडा’ म्हणत. कोणीतरी आमच्या भिंतीवर तसे रंगवूनही ठेवले. “किडा तर किडा,” बाई म्हणाल्या, “आंब्यातला असेन.”

जाणाऱ्याने कपड्यांची एक पिशवी घ्यायची आणि घरातली बाकी प्रत्येक वस्तू सरकारसाठी मागे ठेवायची, असा नियम होता. गल्लीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीतल्या नेरेइदाबाईंनी आधीच यादी केली होती. त्यातली एकही वस्तू कमी भरली तर जाणे रद्द. हे ओर्नेलाने ऐकले होते. निघायच्या दिवशी सकाळीच तिने मला उचलले आणि आपल्या गॅरेजात गाडीमागे दडवले. वकिलातीच्या घरात शिरायची पोलिसांचीही टाप नव्हती. खोटे कशाला बोलू, मीही मनातून सुखावले होते.

गॅरेज कुंपणाला लागूनच होते. पलीकडचे सगळे ऐकू येत होते. नेरेइदाबाईंनी चमचेसुद्धा मोजले, आणि मग माझे नाव आले.

“छोटी खुर्ची कुठंय, हर्मिनिया? ती नसेल तर मला सही करता यायची नाही.”

“जाळली मी. चुलीला काही नव्हतं त्या दिवशी.”

“सात वर्षं पोराची वाट बघितलीस आणि त्याचीच खुर्ची जाळलीस? मला शिकवू नकोस. शेजारच्या पोरीनं नेली असेल.”

“तिचं नाव घेऊ नकोस. मी जाळली म्हटलं ना. लिही तसं.”

ओर्नेला जिंकली होती. आजी आता कुठेही जाणार नव्हती. पण ती तिथेच हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिने मला डोक्यावर घेतले आणि ओसरीवर आणून ठेवले.

“मी पळवली होती. तू जाऊ नयेस म्हणून.”

“ठाऊक होतं मला, राणी,” हर्मिनियाबाईंनी तिला जवळ घेतले. “तुझ्या जागी मी असते तर पलंगसुद्धा पळवला असता.”

नेरेइदाबाईंनी यादीवर खूण केली. आता मी सरकारची झाले होते. मला कोणी हात लावायचा नव्हता. पण त्या म्हणाल्या, “मागच्या खिडक्या लावून येते. वेळ लागेल मला.” खिडक्या दोनच होत्या. तेवढा वेळ ओर्नेला माझ्यात बसली आणि बाई खाली जमिनीवर बसून मला हलके झुलवत राहिल्या. मग दाराला सील लागले.

पुढे मला एका पाळणाघरात नेले. शेकडो मुले माझ्यात डुलली. आता वेत फाटला आहे आणि मी अडगळीत आहे. मित्रांनो, कोणीतरी माझी बैठक पुन्हा विणून द्या, एवढेच मागते. आणि तुमचे कोणी लांब निघाले तर खुशाल रडा, पण त्याची पिशवी गाडीपर्यंत तुम्हीच न्या. ओर्नेलाने आजीची नेली होती. दोन्ही हातांनी ओढत नेली, पण ड्रायव्हरला तिने हात लावू दिला नाही.