टेबलावरची घंटी

इथे गुजरातेत, रावपुऱ्यात आमच्या मंडळाचा मराठीचा वर्ग दर रविवारी भरतो आणि त्या वर्गाच्या टेबलावर एक पितळी घंटी असते. मुलाच्या तोंडून गुजराती शब्द निसटला, की मंडळाचे अध्यक्ष भास्करराव ती वाजवतात. मग त्या मुलाने थांबायचं, शुद्ध शब्द आठवायचा आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. याला ते शिकवणं म्हणतात! मी याला पोरांची तोंडं शिवणं म्हणते.

मी त्या वर्गाची शिक्षिका. माझी पद्धत साधी आहे. मूल बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. कुणी म्हणालं, "आज मम्मीने बटाट्याचं शाक केलं," की मी विचारते, "हो? भाजी तिखट होती का?" ते सांगतं, "भाजी बहु तिखट होती." झालं काम. 'बहु'चं पुढच्या रविवारी बघू. पण भास्करराव शेजारीच खुर्ची टाकून बसलेले असतात. 'शाक' कानावर पडायचा अवकाश, टण्ण!

दुर्गा आमच्याकडे आली ती आजोबांसाठी. तिचे आजोबा सुभानराव आयुष्यभर बाजव्याला नोकरीत होते. मित्रांशी गुजराती, नातीशीही गुजराती. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि गुजराती साफ पुसली गेली. लहानपणची मराठी तेवढी उरली. पहिल्याच दिवशी दुर्गा मला म्हणाली, "चारुबेन, आजोबा माझ्याशी वात करतात, पण मला जवाब–"

टण्ण!

"बेन नाही, बाई. वात करतात नाही, बोलतात. पुन्हा म्हण," भास्करराव म्हणाले.

दुर्गाने पुन्हा म्हटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकराला काय हवंय ते तिने दारातच सांगितलं होतं, आणि या गृहस्थांना त्यातले दोन शब्द तेवढे ऐकू आले!

एका रविवारी भास्करराव आले नाहीत, तेव्हा ती भडाभडा बोलली. समा भागातल्या त्यांच्या सोसायटीतली मांजर, तिची पिल्लं, आजोबांना ती दाखवायची राहिलीत, सगळं. अर्धं गुजराती होतं, असू दे. पुढच्या रविवारी भास्करराव हजर आणि दुर्गा गप्प.

मग स्नेहसंमेलन आलं. भास्कररावांनी तिला 'मायमराठीचे वैभव' हे स्वतः लिहिलेलं भाषण पाठ करायला दिलं. मी भांडले. "तिला भाषण नकोय हो, आजोबांशी गप्पा मारायच्यात."

"चारुलताबाई, आधी पाया शुद्ध हवा. गप्पा कुणीही मारतं."

कुणीही मारतं! त्या पोरीला तेवढंच तर हवं होतं.

संमेलनात दुर्गाने भाषण घडाघडा म्हटलं. एक शब्द चुकला नाही, आणि एकाचाही अर्थ तिला ठाऊक नव्हता. टाळ्या पडल्या. भास्कररावांनी कप दिला आणि ऊर फुगवून तिच्या शेजारी उभे राहिले. पहिल्या रांगेत सुभानराव चाकांच्या खुर्चीत होते. नात आपल्या भाषेत इतकं बोलली म्हणून त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी चांगला हात वर केला आणि मोठ्याने विचारलं, "दुर्गे, जेवलीस का गं?"

दुर्गाने तोंड उघडलं. आजोबांकडे बघितलं. मग मंचावरच्या टेबलावरही आणून ठेवलेल्या त्या घंटीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"जेवलीस का?" सुभानरावांनी पुन्हा विचारलं. आता त्यांचा चेहरा पडला होता. आपलंच बोलणं पोहोचत नाही, असं त्यांना वाटलं असणार.

मला राहवलं नाही. मी तरातरा मंचावर चढले, घंटी उचलली आणि सगळ्यांदेखत माझ्या पर्समध्ये टाकली.

"अहो, ती मंडळाची आहे!" भास्करराव म्हणाले.

"असेल. दुर्गा, आजोबा विचारतायत. तुला येईल तसं सांग."

ती हळूच म्हणाली, "ना आजोबा. थोडो नाश्तो केला. मला बहु भूख लागली."

भास्कररावांचा हात सवयीने टेबलाकडे गेला आणि रिकाम्या जागेवर थांबला.

"मलाही," सुभानराव म्हणाले. "चल, घरी जाऊ."

कप टेबलावरच ठेवून दुर्गा खाली धावली आणि खुर्ची ढकलत दारापर्यंत बोलतच गेली. मांजर, पिल्लं, सगळं. घंटी अजून माझ्याकडे आहे. भास्करराव रोज फोन करतात. मी देणार नाही.