मांजराकडची पाहुणी

मांजर आणायचं म्हणजे त्यात काय आणायचं? कुणाच्या तरी माळ्यावर मांजरी व्यालेली असते, पिल्लांचे डोळे उघडले की एक उचलायचं, पिशवीत घालायचं आणि घरी यायचं. नीराबाईच्या घरात आजवर मांजरं अशीच आली होती. त्यामुळे सून प्राप्ती जेव्हा म्हणाली, "आई, त्या नागावच्या बाई रविवारी आपलं घर बघायला येनार हायेत, घर पसंत पडलं तरच मांजर देतील," तेव्हा निवडायला घेतलेला जवळा सुपात तसाच राहिला.

"आपलं घर? मांजरासाठी?"

"व्हय. कोन कोन राहतं, कसं ठेवतात, सगलं बघतात."

"म्हंजे बघायचा कार्यक्रमच की गो."

प्राप्ती हसली. नीराबाई काही हसली नाही. तिच्या डोक्यात त्या क्षणी जे बसलं ते बसलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

मांजर हवं होतं ते रावजीसाठी, नीराबाईच्या नवऱ्यासाठी. हा रावजी म्हणजे एके काळचा गडी. उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन निघायचा तो पार गुजरातपर्यंत. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून हाक मारली, की नीराबाईनं घरात चहाचं आधण ठेवायचं. मागच्या शिमग्याच्या आधी अंगावरून वारं गेलं. उजवा हात लोंबकळला, पाय ओढायला लागला आणि बोलणं अडकलं. डॉक्टर म्हणाले, शब्द येतील, त्यांना बोलू द्या, घाई करू नका. सांगायला काय जातंय! रावजी एकेक शब्द शोधत बसायचा, आणि तो सापडायच्या आत नीराबाई बोलून मोकळी व्हायची. "चा पायजे ना? आनते." "पंखा ना? लावते." मायेनंच करायची बिचारी, त्यात खोट नव्हती. भेटायला येणारेसुद्धा रावजीच्या समोर बसून नीराबाईला विचारायचे, "काय म्हनतात भाऊ?" आणि नीराबाई सांगायची भाऊ काय म्हणतात ते. हळूहळू रावजीनं शोधणं सोडून दिलं.

मग पावसाळ्यात कुठून तरी एक भटका बोका ओट्यावर यायला लागला. रावजीच्या शेजारी पडून राहायचा, दुसरा धंदा नाही. नीराबाई नागावला एका होमस्टेत स्वयंपाकाला जाते. एका दुपारी पाहुणे आले नाहीत म्हणून ती लवकर घरी आली, तर ओट्यावर कुणाचं तरी बोलणं चाललेलं. तिला वाटलं, कोणी आलंय. बघते तर रावजी बोक्याला वापीच्या टोलनाक्यावरची गोष्ट सांगतोय. अडखळत, थांबत, पण अख्खी गोष्ट. बोक्याला कुठं घाई होती? नीराबाई दाराआड उभी राहून तोंडावर पदर दाबून रडली.

दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांच्या गाडीखाली तो बोका गेला. त्या दिवसापासून रावजीच्या तोंडून शब्द म्हणून फुटला नव्हता. खायचा, झोपायचा, ओट्यावर बसायचा, एवढंच. म्हणून हे मांजर पाहिजे होतं. पिल्लू नको, पायात येईल आणि माणूस पडेल, म्हणून प्राप्तीनं फोनवर शोधून ही शांत, जाणती मांजरी काढली होती. भाड्यानं राहणारे लोक बंगला सोडून गेले आणि हिला आतच ठेवून गेले. अलिबागच्या प्राणी वाचवणाऱ्या पोरांनी तिला बाहेर काढलं, आणि घर मिळेपर्यंत सांभाळायला नागावच्या किशोरीताईंकडे ठेवलं. किशोरीताई शाळेतून निवृत्त झालेल्या. अशी मांजरं त्या सांभाळतात आणि पारखून देतात.

आता आपल्याकडं मुलगी बघायला पाहुणे यायचे म्हणजे काय करतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पडदे धुतात, शेजारचे चांगले कप आणतात, आणि घरातलं जे काही उणं असेल ते त्या दोन तासांपुरतं शेजारी नेऊन बसवतात. पिणारा काका असो, घटस्फोट घेऊन आलेली बहीण असो. कोणी वाईट हेतूनं करत नाही. एकदा सोयरीक जुळली की मग कळतंच सगळं.

रविवारी सकाळी नीराबाईनं ओटा धुतला, पोहे भिजवले, रावजीची दाढी केली, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. रावजीनं डाव्या हातानं स्वतःचे केस विंचरले. पाहुणे येणार हे त्याला ठाऊक होतं, मांजराचंही ठाऊक होतं. आरशात बघून त्यानं कॉलर सारखी केली. आणि तेव्हा नीराबाई म्हणाली, "तुमी जरा चंद्राबाईच्या पडवीत बसा. बायकाबायकांचं बोलनं हाय."

रावजीनं तिच्याकडे पाहिलं. मग काठी घेतली आणि शेजारी गेला.

"आई, बाबांसाठीच तर आनतोय ना?" प्राप्ती म्हणाली. "त्यांनाच कशाला घालवलं?"

"आधी पदरात पडू दे गो. घरात आजारी मानूस बघितल्यावर कोन देईल? म्हनतील, ह्यांना मानसाचं होत न्हाय, मांजराचं काय करनार." प्राप्तीला ते पटलं नाही, पण ती सासूसमोर जास्त बोलणाऱ्यातली नव्हती. नवरा मितेश घरी असता तर बोलला असता, पण त्याची रविवारची पाळी होती.

किशोरीताई स्कूटरवरून आल्या, पायाशी झाकणाची टोपली घेऊन. म्हणाल्या, "ठकीला आणलंय बरोबर. घर पटलं तर ठेवूनच जाते. तिला दोनदा टोपलीत घालायचं म्हणजे फार घाबरते." टोपलीच्या फटीतून एक करडा कान आणि एक डोळा दिसत होता. नीराबाईचा जीव वरखाली झाला. एवढी जवळ आलीय, आता जाता कामा नये.

बाईंनी घर बघितलं. मागच्या विहिरीला जाळी आहे का ते बघितलं, कुत्रा आहे का विचारलं. नीराबाई पुढं पुढं. जाळी पक्की आहे, कुत्रा नाही, मासळी रोज असते, एकादशीलासुद्धा मांजरापुरती आणू. किशोरीताई हसल्या, पोहे छान झालेत म्हणाल्या. सगळं कसं जमत आलं होतं.

"घरात कोण कोण असतं?"

"आमी तिघं," नीराबाई म्हणाली. "मी, मुलगा न् ही सून."

प्राप्तीनं भरल्या पेल्यातच परत पाणी ओतलं.

"आणि दिवसभर घरी कोण?"

नीराबाईला वाटलं, हा तर आपला हुकमी पत्ता. "कोन न्हाय. सगली कामाला. रिकामं कोन बसत न्हाय आमच्यात. सकाली कुलूप लावलं की संध्याकाली उघडायचं. मांजराला कोनाचा त्रास न्हाय, घर एकदम शांत."

किशोरीताईंनी बशी खाली ठेवली. "मग मला नाही देता येणार हो," त्या म्हणाल्या. "राग मानू नका. घर चांगलंय, तुम्ही चांगल्या आहात. पण ठकी किती तरी दिवस बंद बंगल्यात एकटी होती. दाराला नखं घासून घासून रक्त आलं होतं तिच्या पंजांना. कुलूपबंद घरात मी तिला परत नाही ठेवणार. दिवसा माणूस पाहिजे तिला."

माणूस पाहिजे! माणूस तर होता. दिवसभर, रोज, ओट्यावर बसलेला, दुसरं काही काम नसलेला माणूस होता, आणि नीराबाईनं तोच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी लपवला होता. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात ओट्यावर काठी वाजली. चंद्राबाईची पडवी आणि ह्यांची खिडकी यांच्यात फक्त एक कर्दळीचा वाफा. सगळं ऐकू जातं, भांड्याला भांडं लागलेलंसुद्धा. रावजी दारात उभा होता. आत येत नव्हता. मग वळला आणि ओट्यावर आपल्या जागेवर, घराकडे पाठ करून बसला. कॉलर अजून नीट होती.

"हे कोण?" किशोरीताईंनी विचारलं.

प्राप्तीनं सासूकडे पाहिलं. अजूनही एखादं खोटं बोलता आलं असतं. शेजारचे आहेत म्हटलं असतं, तर त्या बाई टोपली उचलून गेल्या असत्या आणि झाकली मूठ तशीच राहिली असती. पण ती पाठ बघितली आणि नीराबाई रडतच बोलायला लागली.

"माजा नवरा हाय. आमी चौघं हाव बाई. वारं गेलं त्यांच्या अंगावरून, बोलता येत न्हाय धड. दिवसभर घरातच असतात. मांजर त्यांच्यासाठीच पायजे होती. तुमी न्हाय म्हनाल म्हनून मीच त्यांना शेजारी धाडलं. माज्याच हातानं धाडलं. चुकलं माजं."

किशोरीताई उठल्या. रागावल्या असतील तर दिसलं नाही. मग टोपली घेऊन बाहेर गेल्या आणि ओट्यावर रावजीच्या शेजारी बसल्या. नीराबाई डोळे पुसत मागोमाग.

"भाऊ, तुम्हाला हवी आहे का मांजर?"

"पायजे, पायजे," नीराबाई घाईनं म्हणाली, "त्यांना लय आवड..."

"मी त्यांना विचारलंय," किशोरीताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, पण तीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई ती. नीराबाईचं तोंड मिटलं.

मग काहीच झालं नाही. रस्त्यावरून एक टमटम गेली. चंद्राबाई पडवीतून मान लांब करून बघत होती. रावजीचे ओठ हलले, थांबले, परत हलले. नीराबाईला ते बघवेना. किशोरीताई मात्र दुसरीकडे कुठं जायचंच नाही अशा बसल्या होत्या.

"मला..." रावजी म्हणाला. कित्येक दिवसांनी आलेला तो आवाज, घोगरा, गंज चढलेला. "मला लपवून... मांजर... न्हाय पायजे."

नीराबाई उंबऱ्यावर बसली. एवढे दिवस त्या आवाजासाठी तिनं देव पाण्यात घातले होते, आणि आला तो हे सांगायला. आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं, काडीमात्र चूक नव्हतं, आणि हे तिला त्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या स्वच्छ कळलं. जाईना का मांजर. तिला आता मांजराचं काही वाटत नव्हतं. ती त्याच्या पायाशी सरकली. "परत न्हाय लपवनार," ती म्हणाली. "कोनी येऊ दे. कलेक्टर येऊ दे. तुमी हितंच बसायचं."

रावजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"मग मी परत विचारते," किशोरीताई म्हणाल्या. "आता तर कोणी लपवलेलं नाही. ठकीला दिवसाकाठी दोनदा खायला घालावं लागेल, आणि तिची मातीची पाटी साफ ठेवावी लागेल. डाव्या हातानं जमेल का?"

प्राप्तीनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला, ती मध्येच बोलू नये म्हणून. त्याची गरज नव्हती.

"जमंल," रावजी म्हणाला. मग पुन्हा शब्द शोधायला लागला. सगळे थांबले. "खरकटं... सांडलं... तर हिनं... वरडायचं न्हाय."

किशोरीताई एवढ्या हसल्या की टोपलीतली ठकी फिसकारली.

मांजरी त्या दिवशी टोपलीतून बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती सरळ तांदळाच्या कणगीमागं जाऊन बसली. रावजी कणगीशेजारी खुर्ची टाकून बसला. जवळ बोलावलं नाही, हात लावला नाही, नुसता बसून राहिला. नीराबाई कामावरून आली की लांबून बघायची, आणि काय झालं, खाल्लं का, असं विचारायला तोंड उघडायची आणि मिटायची. हे तोंड मिटणं सोपं नव्हतं हो. तिचा अर्धा जन्म त्याच्या वाटचं घर चालवण्यात गेला होता आणि अलीकडं तर बोलणंही तिचंच होतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी किशोरीताईंचा फोन आला. नीराबाईच्याच फोनवर आला, सवयीनं तिनंच उचलला. "काय म्हणते आमची ठकी? रुळली का?" पलीकडून विचारलं. नीराबाईला सगळं ठाऊक होतं. सकाळी बांगड्याचं डोकं खाल्लं होतं, दुपारी प्राप्तीच्या ओढणीवर झोपली होती, आणि आत्ता या घडीला ती रावजीच्या लुळ्या हातावर हनुवटी टेकून पडली होती. अगदी जिभेवर आलं होतं सगळं.

तिनं फोनचा स्पीकर लावला, तो रावजीच्या पुढ्यात धरला आणि आपला दुसरा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला.

"हॅलो?" किशोरीताई म्हणाल्या. "नीराबाई? आहात का?"

रावजीनं फोनकडे पाहिलं, मग हातावरच्या मांजरीकडे.

"थांबा," तो म्हणाला. "मी सांगतो."