ओल्या बोटांचा फोन

"जरा ग्लासभर पाणी मिळेल का?" भोंग्याने काउंटरवरच्या बाईला विचारलं.

तिला वाटलं, काका उन्हातून आलेत, दमले असतील. तिने लगबगीने ग्लास पुढे केला. भोंग्याने त्यात उजव्या हाताची बोटं बुडवली आणि तशीच निथळती बोटं काउंटरवर मांडलेल्या फोनकडे नेली.

"अहो काका, हे काय करताय?"

"ट्रायल घेतोय. प्लंबर आहे मी. माझी बोटं कोरडी कधी असतात? रविवारी. तीही दुपारनंतर."

दुकानात टीव्ही बघायला आलेलं एक जोडपं वळून पाहू लागलं. भोंग्याची बायको दोन पावलं मागे सरकली. तीस वर्षं ती अशीच मागे सरकत आली होती, कारण हा माणूस कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जायचं. भोंगा हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ज्याने ठेवलं त्याने विचार करून ठेवलं होतं.

गेले चार महिने त्या भोंग्याला खरखर लागली होती. तपासण्या झाल्या, तपासायला घशातला तुकडा काढून झाला, आणि आता पुढच्या सोमवारी डॉक्टर घशातलं स्वरयंत्रच काढून टाकणार होते. "जगाल, पण बोलणं संपलं," असं त्यांनी सरळ सांगितलं. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा.

"शिट्टी तरी?" भोंग्याने विचारलं होतं.

"फुंकरसुद्धा नाही."

भोंगा घाबरला होता. मरणाला तो फारसा भीत नव्हता, घरी बसण्याला भीत होता. त्याचं काम दोघांचं. खाली पाइपांच्या डक्टमध्ये तो, वर गच्चीत टाक्यांपाशी त्याचा मेव्हणा. भोंगा खालून ओरडायचा आणि मेव्हणा वरून व्हॉल्व्ह फिरवायचा. नुसतं उघड-बंद असतं तर घंटासुद्धा चालली असती. पण तसं नसतं. थोडा सोड, अजून, आता राहू दे, तो नाही रे, त्याच्या शेजारचा, अर्धा आटा मागे घे, हे सगळं सांगावं लागतं. पाइपावर ठोकून पाहिलं, पण बारा मजल्यांचे पाइप एकाच डक्टमधून जातात. कोणता ठोका कुणाचा तेच कळेना.

म्हणून फोन. काचेचा फोन उपयोगाचा नव्हता. सिमेंट, गंज आणि पाइप चिकटवायचा डिंक यांनी त्याच्या बोटांची टोकं इतकी घासली होती की काचेला ती बोटं वाटतच नसत, आणि ओली असली की मग विचारूच नका. बटणं हवीत. खरी, दाबली की खाली जाणारी.

तसे दोनच फोन बाजारात उरले होते. दोन कंपन्यांचे, एकमेकांच्या उरावर बसलेले. एकाची बटणं पडद्याच्या खाली, बारीक, दाटीवाटीने. दुसऱ्याचा पडदा बाजूला सरकवला की खालून रुंद बटणांची पाटी बाहेर यायची. भोंग्याने पहिल्याचं नाव ठेवलं उभा, दुसऱ्याचं आडवा.

"कोणता चांगला?" त्याने विचारलं.

"खरं सांगू का काका? दोन्ही बंद पडायच्या मार्गावर आहेत. आता बटणं कुणालाच नकोत. हा उभा मात्र बोलतो." तिने काहीतरी टाइप केलं आणि फोनमधून स्वच्छ बायकी आवाज आला, "मला तहान लागली आहे."

बायको एकदम हसली. "अगंबाई! तुम्ही आता बाईच्या आवाजात बोलणार?" आणि मग हळूच म्हणाली, "पण छान बोलते हो ती."

बायकोला वाचता येत नव्हतं. बसचे नंबर कळायचे, सही यायची, तेवढंच. भोंग्याला हे माहीत होतं आणि त्याने उभा हातात घेऊन मनापासून प्रयत्न केला. ओल्या जाड बोटाखाली एकाच वेळी तीन-तीन बटणं दबायची. 'बंद कर' लिहायला गेला की फोन त्या बाईच्या गोड आवाजात काहीतरी भलतंच बरळायचा. आडव्यावर मात्र त्याची बोटं झरझर चालली. पण आडवा मुका. त्यात बोलायची सोय चढतच नाही, असं काउंटरवरच्या बाईने दोनदा सांगितलं. दोन्ही घ्यायची ऐपत असती तर प्रश्नच नव्हता.

भोंगा एकदा उभ्याकडे बघे, एकदा आडव्याकडे. शेवटी बायकोच म्हणाली, "आडवाच घ्या. काम राहील तुमचं. आणि मला काय, न बोलता कळतं तुम्हाला काय हवं ते."

हे साफ खोटं होतं. तीस वर्षांत तिला कधी काही ओळखावंच लागलं नव्हतं. याच्या मनात आलं की दुसऱ्या क्षणाला तोंडातून बाहेर.

गुरुवारी त्याने तालीम ठेवली. एका जुन्या बारा मजली इमारतीत मुख्य पाइप बदलायचा होता. मेव्हण्याला त्याने बजावलं, "आजपासून मी मुका. काही झालं तरी तोंड उघडणार नाही. सगळं फोनवर. कळलं?"

"कळलं, भाऊजी," मेव्हणा म्हणाला आणि चष्मा खिशात टाकून गच्चीवर गेला.

भोंगा डक्टमध्ये उतरला. नवा सांधा बसवला, आडवा उघडला, लिहिलं, 'थोडा सोड.' बटणांनी दगा दिला नाही. वरून 'हो' आलं, पाणीही आलं. भोंग्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला. त्याने लिहिलं, 'अजून.' पाणी वाढलं. मग सांध्याच्या कडेला एक थेंब जमला, दुसरा जमला, आणि भोंग्याने लिहिलं, 'बंद कर.' लिहायला चार सेकंदही लागले नसतील.

पाणी वाढतच राहिलं.

'बंद कर.' 'बंद.' 'बंद बंद.' सगळे निरोप पोचल्याच्या खुणा पडद्यावर दिसत होत्या. वर मेव्हण्याचे दोन्ही हात गंजलेल्या चाकावर होते, फोन खिशात थरथरत होता, आणि तो काढायचा तर हात पुसायचे, चष्मा लावायचा, मग वाचायचं. भोंग्याने आठ दिवस बोटांचा विचार केला होता, बटणांचा केला होता, पाण्याचा केला होता. पलीकडच्या माणसाला हात सोडून वाचावं लागेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. हाक ऐकायला हात मोकळे लागत नाहीत.

सांधा निसटला. पाण्याचा लोट छातीवर आदळला आणि भोंगा ओरडला, "बंद कर!" आवाज फाटका निघाला, घशात आग झाली, पण बारा मजले चढून गच्चीवर पोचला. पाणी तत्काळ थांबलं.

मेव्हणा धापा टाकत खाली आला. दोघं ओल्या पायरीवर बसले.

"खिशातच होता हो, भाऊजी. काढेपर्यंत..."

"तुझी चूक नाही."

मेव्हणा बराच वेळ पँटचा काठ पिळत राहिला. मग म्हणाला, "सोमवारपासून दुसऱ्या एकाला सांगितलंय यायला. तात्पुरतं. तुम्ही आधी बरे तर व्हा, मग बघू."

ताईच्या नवऱ्याला कसं सांगायचं, या विवंचनेत तो आठवडाभर होता हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. भोंगा 'हं' म्हणाला. मग बघू म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. तोही लोकांना हेच सांगत आला होता.

शुक्रवारी तो फोन पुसून-पासून, डब्यात घालून दुकानात घेऊन गेला. सोबत बायकोही आली. कामच राहिलं नाही तर निदान घरात बोलता तरी यावं.

"काका, बदलून दिला असता हो," काउंटरवरची बाई म्हणाली, "पण उभा परवाच गेला. शेवटचा नग होता. कंपनीने बनवणंच थांबवलंय."

"दुसऱ्या दुकानात?"

तिने तीन ठिकाणी फोन लावले. बिचारीने खरंच लावले. कुठेच नव्हता.

परतताना बायको म्हणाली, "असू दे. शेजारची वहिनी वाचून दाखवेल ना मला. चांगली आहे ती." वहिनी चांगलीच होती. पण आता नवराबायकोचं सगळं बोलणं, रुसणं, भांडणसुद्धा, तिच्या तोंडून व्हायचं होतं.

मग उरलेले दोन दिवस तो खूप बोलेल असं बायकोला वाटलं. तो बोललाच नाही. काहीतरी तिला एकटीलाच सांगण्यासारखं, वहिनीला वाचायला देता येणार नाही असं सांगायचं, हे त्याने मनाशी ठरवलं होतं. ते काय, याचा तो दोन दिवस विचार करत होता. मोठ्याने बोलायची सवय असलेल्या माणसाला असलं बोलणं कुठून सापडणार?

सोमवारी सकाळी नर्स स्ट्रेचर घेऊन आली. कागद तपासले आणि म्हणाली, "काका, काकूंशी बोलायचं असेल तर बोलून घ्या. पाच मिनिटं आहेत."

बायको जवळ आली. दोन पावलं मागे नाही, अगदी जवळ. तिने त्याचा हात हातात घेतला.

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. घसा खाकरला. "मोरीतला नळ," तो म्हणाला, "वायसर गेलंय त्याचं. घट्ट पिळत जाऊ नकोस. आटे जातील."

"बरं."

"भावाला सांग बदलायला. अर्ध्या इंचाचं."

"सांगते."

पाच मिनिटं संपली. नर्सने स्ट्रेचर ढकललं. बायको सोबत ऑपरेशनच्या दारापर्यंत गेली. दारापाशी त्याने मान वळवली आणि काहीतरी म्हणाला, हळू, तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं इतक्या हळू. चाकांच्या खडखडाटात तिला ते ऐकू आलं नाही. ती पुढे झाली तोवर दार मिटलं.

अर्ध्या तासाने नर्स बाहेर आली तेव्हा बायको उठून उभी राहिली. "मॅडम, आत जाताना ते काय म्हणाले हो?"

नर्स आठवायला थांबली. "काय की हो, काकू. माझं लक्ष नव्हतं."