मंगळवारचे पाच सेंटिमीटर

आमच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी होतं आणि त्या पाण्यात उभं राहून आमच्या कार्यालयाचे साहेब मला समजावत होते की या बेटाभोवतीचा समुद्र अकरा वर्षांत तसूभरही वर आलेला नाही. पुरावा काय, तर माझी वही. रोज दुपारी बाराला धक्क्यावर जाऊन पाण्याची मोजपट्टी वाचायची आणि आकडा लिहायचा, हे माझं काम. अकरा वर्षांत एक खाडा नाही. तापाने फणफणलेली असताना गेलेय, पोरीच्या लग्नात पाहुण्यांना ताटकळत ठेवून गेलेय.

मग हे पाणी कुठलं, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, नळ गळत असेल. चाखून बघा म्हटलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि नळ खारट असल्याची नोंद केली. एवढ्यात चुलीखालून एक खेकडा निघाला. साहेबांबरोबर आलेल्या तरुण शास्त्रज्ञ मुलीने त्याला अदबीने वाट दिली.

घरं खांबांवर उचलून द्या आणि किनाऱ्याला खारफुटी लावून द्या, म्हणून आम्ही तीन वर्षं अर्ज करतोय. दर वेळी उत्तर एकच, पाणी वाढल्याचं सिद्ध होत नाही. आता तर कहरच झाला. शेजारचं बेट बुडायला आलंय, तिथली चाळीस कुटुंबं आमच्याकडे आणायची ठरली होती, कारण कागदोपत्री आमच्याइतकं सुरक्षित बेट दुसरं नव्हतं. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि टेबल जरा सरकलं. तेही तरंगायच्या बेतात होतं.

माझी फक्त एक सही हवी होती, वहीतले आकडे खरे आहेत म्हणून.

ती मुलगी मात्र माझ्या वहीवर बेहद्द खूश. चार वर्षं ती त्याच वहीवर अभ्यास करत होती. म्हणाली, काकू, जगात असा समुद्र नाही. भरती नाही, ओहोटी नाही, रोज एकशेचाळीस सेंटिमीटर. फक्त मंगळवारी बारा वाजता पाच सेंटिमीटर वर येतो. तिने त्याला ‘मंगळवारची उचल’ असं नावही दिलं होतं. पुढेपुढे ही उचल कमी होत गेली आणि दीड वर्षापूर्वी थांबली. चंद्र, प्रवाह, समुद्राच्या तळाचा एखादा ज्वालामुखी, सगळं तपासून तिचं डोकं पिकलं होतं.

समोर भिंतीवर प्रशस्तिपत्रक टांगलेलं होतं. सगळ्यात स्थिर नोंदी ठेवल्याबद्दल मला मिळालेलं. खरं सांगते, पहिल्याच आठवड्यात मला शंका आली होती. पण कार्यालयाने शिकवलं होतं की पट्टी म्हणेल ते लिहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. मी चालवली नाही. वर शाबासकी मिळाली, मग तर तोंडच शिवलं गेलं.

आमचे हे दारात उभे होते. हे सुतार आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरून मनगट मोडून घेतलं, तेव्हा यांनी मला न विचारता ती पट्टी दगडी खांबावरून उपटली आणि चार ड्रमांवर फळ्या ठोकून केलेल्या तरत्या धक्क्याला मारली. तेव्हापासून समुद्र वर आला की पट्टीही त्याच्याबरोबर वर. बायको पुन्हा पडू नये म्हणून. आता मी बोलले तर यांचं हसं होणार होतं आणि नाही बोलले तर चाळीस घरं आमच्याबरोबर बुडणार होती.

मी सगळ्यांना धक्क्यावर नेलं. साहेबांना म्हटलं, जरा फळीवर उभे राहा. साहेब अंगाने भरलेले. ते चढले आणि पट्टीवरचं पाणी सहा सेंटिमीटर वर आलं. उतरा म्हटलं. पाणी खाली गेलं. ती मुलगी पट्टीकडे बघतच राहिली. तिने साहेबांना आणखी तीनदा चढवलं आणि उतरवलं. मग मटकन खाली बसली.

यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. साहेबांनी अर्ध्या तासात घरं उचलण्याच्या अर्जावर सही केली, चाळीस कुटुंबांचा कागद फाडला आणि वहीवर ‘रद्द’ असा शिक्का मारला. माझ्या अकरा वर्षांचे बारा वाजले. मला राग आला, रडूही आलं, पण बोलणार कुणाला?

मुलीने मान वर करून विचारलं, “मग मंगळवारी कोण होतं?”

“माझ्या सासूबाई,” मी म्हटलं.

मंगळवारी त्यांच्या औषधांची बोट यायची. बोट दोनला यायची, पण या अकरालाच स्टूल घेऊन धक्क्यावर. मी पट्टी वाचायला गेले की म्हणायच्या, लिही गं, चुकवू नकोस. चांगल्या गुटगुटीत बाई होत्या.

मुलगी वहीची पानं उलटू लागली. पाच. पाच. साडेचार. चार. साडेतीन. शेवटच्या मंगळवारी तीन. पुढे नुसतेच एकशेचाळीस. तिने वही मिटली आणि माझ्या हातात देऊन गेली.

यांनी पट्टी परत खांबावर मारायला घेतली. जुन्या खिळ्यांची भोकं पाण्याखाली हाताने चाचपूनच सापडली, म्हणून पट्टी हातभर वर मारावी लागली. मग हे माझ्याजवळ येऊन बसले, वही मांडीवर घेतली आणि एकेका मंगळवारवर बोट ठेवत शेवटपर्यंत गेले.

“आई म्हणायची, पोटभर जेवते,” हे म्हणाले. “तुला कळलं नाही?”

रोज मीच त्यांना वाढत होते. दर मंगळवारी मीच आकडा लिहीत होते.

“मी फक्त लिहिलं हो,” मी म्हटलं. “वाचलं नाही.”